एफडी मोडायची ती नेमकी कशासाठी?

प्रश्न : आम्ही लालबागला राहतो. धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. टीवाय बीकॉमच्या दोन केटी तशाच पडून आहेत आणि हा परळच्या एका पार्लरमध्ये रोज पाच-सहा तास स्नूकर खेळतो. राज्य स्पर्धेत एकदा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता. आजवरचा मोठा ब्रेक, म्हणजे एका खेपेत सलग काढलेले गुण, ११२. आता त्याला बँकॉकला क्यू स्कूल ही टूरची पात्रता स्पर्धा खेळायचीय आणि तिथून प्रोफेशनल टूरवर जायचंय. बाबा बेस्टमधून निवृत्त झालेत. त्यांची चौदा लाखांची एफडी मोडायची भाषा घरात सुरू झाली आहे. बाबा म्हणतात, 'पहिला नाही आला तरी चालेल, जगात नव्वदावा येणं म्हणजे काय खायचं काम आहे?' मी बँकेत आहे, आकडे मला कळतात. पण या खेळाचे आकडे मांडायचे कसे, तेच कळत नाही. काय करू? – एक ताई, लालबाग

ताई, नव्वदावा येणं खायचं काम नाहीच. पण नव्वदाव्याच्या ताटात पडतं काय, हा वेगळा हिशेब आहे, आणि तो बाबांनी कुणाकडून ऐकलेला दिसत नाही.

वर्ल्ड स्नूकर टूरवर साधारण सव्वाशेच्या आसपास व्यावसायिक खेळाडू असतात. नव्याला दोन वर्षांचं टूर कार्ड मिळतं. इथली क्रमवारी गुणांची नाही, पैशांची आहे. मागच्या दोन वर्षांत रँकिंग स्पर्धांतून जेवढे पौंड जिंकले, तेवढं तुमचं स्थान. दुसरा मोसम संपताना पहिल्या ६४ मध्ये असलात तर कार्ड टिकतं. नसलात तर, एका वर्षाच्या यादीतून मिळणाऱ्या मोजक्या जागा सोडल्या, तर पुन्हा क्यू स्कूलच्या रांगेत उभं राहायचं. नवा खेळाडू शून्य पौंडांपासून सुरुवात करतो. त्यामुळे पहिलं वर्षभर तो यादीच्या तळाशी असतो, आणि तळाच्या खेळाडूला बहुतेक स्पर्धांत वरच्यांपेक्षा एक-दोन फेऱ्या आधीपासून खेळत यावं लागतं.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचं उदाहरण घेऊ, तिथे हे सगळं उघड दिसतं. २०२५च्या स्पर्धेत विजेत्याला ५ लाख पौंड होते. बातमीत हाच आकडा येतो आणि घरोघरी तोच पाठ होतो. आता खालून मोजा. क्रमवारीत ८०च्या खाली असलेल्याला शेफिल्डच्या पात्रता फेरीत अगदी पहिल्या सामन्यापासून खेळायचं होतं. १९ फ्रेमचा, म्हणजे डावांचा सामना, जो आधी १० जिंकेल तो पुढे. असे चार सामने जिंकले की मग मुख्य स्पर्धेचं, म्हणजे क्रूसिबल थिएटरचं दार. पहिलाच सामना हरला तर हातात काही नाही. एक जिंकून दुसरा हरला तर ५ हजार पौंड, पुढच्या फेरीत हरला तर १० हजार, त्यापुढे १५ हजार, आणि क्रूसिबलला पोचून पहिल्याच फेरीत हरला तरी २० हजार. म्हणजे खालच्या खेळाडूचं अख्खं वर्ष एप्रिलमधल्या त्या एका आठवड्यावर डोलत असतं. एक लांबचा रेड, म्हणजे लाल चेंडू, जॉमध्ये (पॉकेटच्या तोंडाच्या कडांत) थरथरून बाहेर आला की ५ हजार पौंड गेले. पौंड ११० रुपयांना धरला तर साडेपाच लाख.

एरवीच्या स्पर्धांत तर सामने आखूड, बहुतेकदा सात फ्रेमचे. खेळाडू शेफिल्डहून लेस्टरला जातो, रात्री हॉटेलात राहतो, दुसऱ्या दिवशी दीड-दोन तासांत १-४ हरतो आणि पुढची स्पर्धा येईपर्यंत सरावाच्या टेबलावर परततो. खाली राहण्याचं दुखणं हेच आहे. तिथला खेळाडू वाईट खेळत नसतो, सराव करताना तोही शतकं काढतो. पण त्याच्या वाट्याला सामनेच कमी येतात. सामने कमी म्हणून पैसे कमी, पैसे कमी म्हणून क्रमांक खाली, आणि क्रमांक खाली म्हणून पुढच्या स्पर्धेत पुन्हा लवकर मोठा प्रतिस्पर्धी समोर.

हे फारच जीवघेणं होतंय असं दिसल्यावर टूरने २०२२-२३च्या मोसमापासून २० हजार पौंडांच्या किमान कमाईची हमी आणली. भावाच्या तोंडी हा आकडा असणारच. पण तो पगार नाही. मोसमात जे बक्षीस मिळेल ते त्यातूनच वळतं होतं. १२ हजार जिंकलात तर वर ८ हजार मिळतील, २५ हजार जिंकलात तर वर काहीच नाही. ज्या वर्षी कार्ड मिळेल, त्या वर्षीच्या करारात हमीचं कलम काय आहे ते तुम्ही स्वतः वाचा. भावाच्या तोंडच्या माहितीवर जाऊ नका.

आता खर्च. मुंबईत राहून टूर खेळता येत नाही. पात्रता सामने मुख्यतः इंग्लंडमध्ये होतात आणि सरावाला तोडीची माणसंही तिथेच आहेत. चीनचे खेळाडू शेफिल्डमध्ये घोळक्याने राहतात ते उगाच नाही. दहा महिन्यांचा काटकसरीचा अंदाज असा मांडा. वाटून घेतलेल्या खोलीचं भाडं साडेपाच हजार पौंड. जेवणखाण, तेही स्वतः रांधून, तीन हजार. अकादमीतलं सरावाचं टेबल अडीच हजार. मुंबईच्या दोन फेऱ्या तेराशे. वुहान, शीआन, बर्लिन अशा बाहेरच्या स्पर्धांची विमानं आणि राहणं बत्तीसशे. इंग्लंडातल्या इतर गावांतली हॉटेलं चोवीसशे. व्हिसा, विमा, फिजिओ, क्यूच्या टोकाला लावायच्या टिपा, बो-टाय आणि वेस्टकोट मिळून अकराशे. बेरीज १९ हजार पौंड, म्हणजे जवळपास एकवीस लाख रुपये. कार्ड दोन वर्षांचं आहे, म्हणून हाच आकडा दुप्पट करा. वर अनिवासी खेळाडूच्या बक्षिसातून ब्रिटनमध्ये कर कापला जाऊ शकतो. कापल्याचा दाखला जपून ठेवला तरच इथलं विवरणपत्र भरताना त्याचं श्रेय मागता येतं.

ताळेबंद समोर आहे. हमी आणि काटकसरीचा खर्च जेमतेम बरोबरीत सुटतात, आणि चौदा लाखांची एफडी एक वर्षसुद्धा पुरत नाही. अर्धवट पैशांत टूरवर जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय. तसा गेलेला खेळाडू खर्च वाचवायला चीनच्या स्पर्धा सोडतो, आणि नेमके तिथलेच पैसे क्रमवारीत कमी पडतात. मग दुसऱ्या वर्षी तो प्रत्येक शॉट भाड्याचा हिशेब डोक्यात ठेवून मारतो. त्या डोक्याने लांबचा पॉट, म्हणजे पॉकेटात टाकायचा चेंडू, जात नाही.

पण ही झाली कार्ड मिळाल्यानंतरची गोष्ट. आज प्रश्न आहे क्यू स्कूलचा. त्याचा हिशेब वेगळा ठेवा, दोन्हींची खिचडी करू नका.

आशिया-ओशनियासाठी बँकॉकला वेगळं क्यू स्कूल २०२२ पासून सुरू झालं. आपल्या मुंबईच्या ईशप्रीत सिंग चढ्ढाने २०२३ मध्ये कार्ड मिळवलं ते याच वाटेने. म्हणजे वाट खरी आहे, पण अरुंद आहे. सात-सात फ्रेमचे बाद पद्धतीचे सामने आणि शेवटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कार्डं. भावाला एक गोष्ट सांगा. जिंकलेल्या प्रत्येक फ्रेमचा हिशेब तिथल्या ऑर्डर ऑफ मेरिट या गुणवत्ता यादीत धरला जातो आणि टूरवरच्या रिकाम्या जागांसाठी त्या यादीतून खेळाडू बोलावले जातात. म्हणून ०-३ असताना क्यू (खेळायची काठी) आपटायचा नाही, उरलेली फ्रेम खेचायची. खर्च म्हणाल तर प्रवेश शुल्क हजार पौंडांच्या आसपास धरा, वर विमान, दोन आठवड्यांचं राहणं, खाणं आणि सरावाचं टेबल. सगळं मिळून अडीच ते तीन लाखांत बसवा. एवढा खर्च एकदा करायला हरकत नाही, असं आमचं मत आहे. परीक्षेची फी समजा. मात्र त्यातला निम्मा त्याने स्वतः उभा करायचा. पार्लरमध्ये संध्याकाळी काउंटर सांभाळून म्हणा, शाळकरी मुलांना शिकवून म्हणा.

फी भरण्याआधी त्याची एक चाचणी घ्या. चाचणी पार्लरमध्ये घेऊ नका, कारण ११२ चा ब्रेक कुठल्या टेबलावर झाला यावर त्याची किंमत ठरते. पार्लरचं कापड तासाच्या दराने राबतं. त्याची लव झिजून टक्कल पडलेलं असतं आणि पॉकेटं ढिली कापलेली असतात. ओळखायची खूण सोपी आहे. रेड कुशनला चिकटवून मधल्या पॉकेटच्या थोडा पुढे ठेवायचा आणि कुशनच्या कडेने कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये जोरात मारायचा. जॉला घासूनही तो दर वेळी गडप होत असेल, तर ते टेबल लाड करतंय. स्पर्धेच्या टेबलावर तोच चेंडू खडखडून बाहेर येतो.

दुसरा फरक वेगाचा. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कापड ओलावा धरतं, चेंडू जड चालतो, म्हणून हात आपोआप जोर लावायला शिकतो. टूरवरची टेबलं खालून तापवलेली असतात, कापड पातळ आणि नवं. तिथे तोच जोर लावला की पांढरा चेंडू, ज्याने बाकीचे मारायचे, काळ्यासाठी थांबायच्या जागेपासून हातभर पुढे जातो. बघणाऱ्याला वाटतं पॉट चुकला, पण चूक त्याच्या आधीच्या शॉटमध्ये झालेली असते. आणि नव्या कापडाला लव असते, बॉकपासून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकापासून, काळ्याच्या दिशेने. मधल्या पॉकेटमध्ये हळू सोडलेला रेड त्या लवेबरोबर काळ्याच्या बाजूला सरकतो आणि वरच्या जॉला लागतो. टक्कल पडलेल्या कापडावर वाढलेल्या मुलाला हे सरकणं ठाऊकच नसतं. त्याला वाटतं, नशीब फुटकं.

म्हणून महिनाभर तरी चांगल्या टेबलाची सोय बघा. काही जिमखान्यांत बाहेरच्या खेळाडूंना ठराविक वेळेत खेळू देतात. सेक्रेटरीच्या नावे रीतसर अर्ज करायचा आणि टेबलं सांभाळणाऱ्या मार्करशी गोडीत राहायचं. कुठल्या टेबलाला कापड कधी लावलं, हे मार्करइतकं कुणालाच माहीत नसतं. वरळीच्या एनएससीआय किंवा चर्चगेटच्या सीसीआय क्लबच्या खुल्या स्पर्धेत नाव घातलं, तर चांगल्या टेबलाबरोबर देशातले पहिल्या फळीतले खेळाडूही समोर मिळतात. पहिल्या फेरीत हरला तरी पैसे वसूल.

त्या टेबलावर दोनच गोष्टी वहीत लिहायच्या. पहिली : निळा त्याच्या जागेवर, पांढरा बॉकमध्ये, निळा लांबच्या कोपऱ्यात पॉट करायचा. वीस प्रयत्न. रोज, हात गरम व्हायच्या आधी. १३-१४च्या खाली आकडा अडकला असेल तर क्यू स्कूल यंदा नको. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : हरलेली प्रत्येक फ्रेम नेमकी कुठून हातातून गेली. पॉट चुकला, पोझिशन (पुढच्या शॉटसाठी पांढऱ्याची जागा) सुटली, की सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट न ठेवणं) ढिली पडली? चाळीस फ्रेमनंतर वही उघडा. तरुण खेळाडूंच्या वहीत बहुतेक वेळा 'सेफ्टी' हा शब्द त्यांना वाटतो त्याच्या दुप्पट वेळा निघतो. पार्लरमध्ये सेफ्टी कुणी खेळतच नाही, कारण तासाचं भाडं चालू असतं आणि दोघांनाही चेंडू पॉकेटात टाकायचे असतात. टूरवरचा साठावा खेळाडू मात्र पांढरा बॉकच्या कुशनला चिकटवून समोरच्याला वीस-वीस मिनिटं तंगवतो.

पुरस्कर्त्याबद्दल थोडक्यात. कार्ड मिळालं तर कुणीतरी व्यापारी पुढे येईल, 'मी खर्च करतो, बक्षिसात माझा वाटा' म्हणेल. वाटा एकूण बक्षिसावर की खर्च वजा जाता, हमीची रक्कम त्यात धरायची की नाही, आणि करार कुठल्या तारखेला संपतो, ही तीन उत्तरं कागदावर नसतील तर सही नको. तुम्ही बँकेत आहात, बारीक अक्षरं वाचायची तुम्हाला सवय असेलच.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत. पार्लरमध्ये पैसे लावून फ्रेम खेळायची सवय असेल तर ती आत्ताच तोडायला सांगा. व्यावसायिक खेळाडूला स्नूकरवर कुठलीही पैज लावायला बंदी आहे, दुसऱ्याच्या सामन्यावरसुद्धा. २०२३ मध्ये चीनच्या दहा खेळाडूंवर फिक्सिंग आणि सट्ट्याच्या प्रकरणांत बंदी आली. लिआंग वेनबो आणि ली हांग यांच्यावर ती आजन्म आहे. फिक्सर ज्याचं भाडं थकलंय त्याच्याकडे आधी जातो. झाओ शिनतोंग त्याच प्रकरणात वीस महिने बाहेर बसला आणि परत येऊन २०२५ मध्ये, टूर कार्ड नसताना, पात्रता फेरीतून खेळत जगज्जेता झाला. भाऊ हेच उदाहरण तोंडावर फेकेल. फेकू दे. झाओ बंदीच्या आधीच रँकिंग स्पर्धा जिंकलेला खेळाडू होता, हे त्याला आठवण करून द्या.

आता तुम्ही न विचारलेला, पण खरा प्रश्न : टूर नाही जमली तर? भारतात स्नूकर खेळून स्थिर आयुष्य काढणाऱ्यांची वाट बहुतेकदा नोकरीतून जाते. पेट्रोलियम स्पोर्ट्स प्रमोशन बोर्डाखालच्या तेल कंपन्यांनी बिलियर्ड्स-स्नूकरचे खेळाडू वर्षानुवर्षं घेतले आहेत. पंकज अडवाणी ओएनजीसीचे. ते २०१२ मध्ये टूरवर गेले, २०१३च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि २०१४ मध्ये स्वतःहून टूर सोडून आले. त्यानंतरही त्यांनी जागतिक विजेतेपदं जिंकली. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, रँकिंग स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय. तिथे तो डिंग जुनहुईकडून ०-५ हरला. टूर सोडून येणं म्हणजे खेळ संपणं नव्हे, हे बाबांनाही कळू द्या. पण अशा नोकरीसाठी राष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी लागते. राज्य संघटनेची नोंदणी चालू, राज्य स्पर्धा चुकवायच्या नाहीत, तिथून राष्ट्रीय. हा क्रम बँकॉकच्या नादात मोडला तर दोन्हीकडचं जाईल. केटी या परीक्षेत सोडवून टाकायच्या, त्यावर चर्चा नको. नोकरीच्या अर्जात पदवीचा रकाना असतो.

तेव्हा एफडीला हात नको. ती कार्ड मिळवायलाही नको आणि कार्ड मिळाल्यावरही नको. टूरवर जायचं तर हमी, पुरस्कर्ता आणि त्याची स्वतःची कमाई मिळून दोन्ही वर्षांचा खर्च कागदावर उभा राहिला पाहिजे. नाही राहिला तर कार्ड हातात असूनही नाही म्हणायची तयारी ठेवा. कठीण आहे, पण बाबांच्या आजारपणाचे पैसे लेस्टरच्या हॉटेलात घालवणं त्याहून कठीण पडेल. हे बाबांना तुम्ही सांगू नका. वर मांडलेला खर्च भावाला स्वतःच्या अक्षरात लिहून त्यांच्यापुढे ठेवायला सांगा.

बँकॉकचं ठरलंच तर क्यूची काळजी आत्तापासून घ्या. विमानात क्यू हातात नेऊ देत नाहीत, तो सामानातच टाकावा लागतो. त्यामुळे कडक पेटी हवी, आत टॉवेलने गच्च केलेली, म्हणजे जोडाचा स्क्रू हलत नाही. टिप निघण्याच्या आदल्या आठवड्यात बदलायची नाही. नवी टिप बसून आकार धरायला आठ-दहा तासांचा खेळ जातो, तोवर ती दबत राहते आणि साइड (पांढऱ्याला बाजूने फिरकी) मारताना दगा देते. महिनाभर आधी बदलून घ्यायची आणि त्याच पुड्यातल्या दोन टिपा सोबत ठेवायच्या. चॉकही तोच, जो सरावात वापरला. चॉक बदलला की चेंडू एकमेकांवर घासतात तेही बदलतं आणि पातळ कट थोडे जाड जायला लागतात. पोचल्यावर क्यू पेटीतून काढून रात्रभर खोलीत आडवा ठेवायचा, एसीच्या झोतापासून लांब. सकाळी हॉलमध्ये गेल्यावर पहिला अर्धा तास एकही रेड पॉट करायचा नाही. नुसता पांढरा, बॉक लाइनवरून वरच्या कुशनला आणि परत, वेगवेगळ्या जोराने, टेबल किती पळतंय ते हाताला कळेपर्यंत.